प्रिन्स्टन जंक्शनच्या आसपास घर घेताना: शेजारशेजारचे स्कूल डिस्ट्रिक्ट, आम्ही तपासले तसे

प्लेन्सबोरोला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये सहा वर्षं काढली आणि गेल्या दिवाळीनंतर आम्ही केंडल पार्कला स्वतःच्या घरात राहायला आलो. मधले चौदा महिने घर शोधत होतो. त्यातले निदान दहा तरी शाळा शोधण्यात गेले. रविवारच्या मराठी शाळेत मुलांना सोडायला गेलं की पार्किंगमध्ये कोणी ना कोणी गाठतंच. "तुम्ही डब्ल्यूडब्ल्यूपीत होता ना? मग सोडून साउथ ब्रन्सविकला कशाला गेलात?" डब्ल्यूडब्ल्यूपी म्हणजे वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो, आमचा आधीचा स्कूल डिस्ट्रिक्ट; केंडल पार्क येतं साउथ ब्रन्सविकमध्ये. गाडी चालू ठेवून दोन मिनिटांत देता येईल असं याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे. न्यू जर्सीच्या या पट्ट्यात, प्रिन्स्टन जंक्शन रेल्वे स्टेशनच्या आसपास, घर बघणाऱ्यांना उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथे सरकारी शाळेत प्रवेश पत्त्यावरून मिळतो. डोनेशन नाही, मुलाखत नाही. ज्या टाउनशिपमध्ये, म्हणजे गावात, घर, तिथल्या डिस्ट्रिक्टची शाळा. डिस्ट्रिक्ट म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था. राज्य एवढंसं, पण डिस्ट्रिक्ट पाचशेहून जास्त. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडचं घर एका डिस्ट्रिक्टमध्ये आणि पलीकडचं दुसऱ्यात, हे नेहमीचंच. माझी बहीण पुण्यात आरटीईचा फॉर्म भरताना नकाशावर घरापासून शाळेपर्यंतचा एक किलोमीटर मोजत बसली होती. इकडे मी रात्री अकरा वाजता टाउनशिपच्या हद्दीच्या रेषा मोठ्या करून बघत होते. दोघींची धडपड एकाच जातीची. फरक इतकाच की इथे ती रेषा घराच्या किमतीत मुरलेली असते आणि तिचे पैसे तीस वर्षं हप्त्यांनी फेडायचे असतात.

पहिली गोष्ट पत्त्याची, कारण तिथे आम्ही स्वतः चकलो. रूट १ या हायवेच्या जवळ एक टाउनहाऊस बघितलं. तीन बेडरूम, पूर्वेचं स्वयंपाकघर, मागे झाडी. पत्ता "प्रिन्स्टन, न्यू जर्सी ०८५४०". प्रिन्स्टनच्या शाळा आणि एवढ्या किमतीत, म्हणून घरी येताना गाडीत आम्ही दोघं हरखून गेलो होतो. रात्री घराचं टॅक्स रेकॉर्ड, म्हणजे मालमत्ता कराची नोंद, उघडलं तर टाउनशिप साउथ ब्रन्सविक. ०८५४० हा पोस्टाचा पिनकोड आहे, डिस्ट्रिक्टचा नव्हे. वेस्ट विंडसर, प्लेन्सबोरो, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स अशा गावांतल्या काही घरांनाही प्रिन्स्टनचाच पत्ता लागतो. यात कोणी फसवलं नव्हतं, जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत डिस्ट्रिक्टचं नाव होतं. पण पत्त्यावर भिस्त ठेवू नका. टॅक्स रेकॉर्डवरची टाउनशिप बघा, मग डिस्ट्रिक्टच्या साइटवर घर क्रमांक टाकून नेमकी कुठली शाळा ते बघा, आणि ऑफर देण्याआधी डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला फोन करून तेच पुन्हा विचारा. या तीन गोष्टींना मिळून अर्धा तास लागतो.

आता त्या दहापैकी मिळणाऱ्या आकड्याबद्दल. घर शोधायच्या ॲपवर प्रत्येक घराखाली शाळा आणि शाळेपुढे ७, ८, ९ असा आकडा दिसतो. हा आकडा बहुतेक ठिकाणी ग्रेटस्कूल्स नावाच्या संस्थेचा असतो. १९९८ पासून ती हे काम करते आणि झिलो, रेडफिनसारख्या साइट तिचेच आकडे दाखवतात. माझ्या एक्सेलमध्ये पहिले चार महिने हाच कॉलम सगळ्यात डावीकडे होता. ८ च्या खालचं घर मी नवऱ्याला दाखवतसुद्धा नव्हते.

तो कॉलम मी उजवीकडे ढकलला, त्याला कारण झाला राज्याचा स्वतःचा अहवाल. न्यू जर्सीचं शिक्षण खातं दरवर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट काढतं. फुकट असतो, कोणालाही बघता येतो, आणि आपल्यातल्या फार थोड्या लोकांनी तो उघडलेला असतो. त्यात राज्याच्या परीक्षेत किती टक्के मुलं अपेक्षित पातळीला पोचली ते असतंच. शिवाय ग्रोथचा एक आकडा असतो. तो असा काढतात: तुमच्या मुलाला गेल्या वर्षी जेवढे गुण होते तेवढेच गुण असलेली राज्यभरातली मुलं घ्यायची आणि त्यांच्या तुलनेत हे मूल यंदा कुठे पोचलं ते बघायचं. अशा सगळ्या मुलांचा मधला आकडा म्हणजे शाळेची ग्रोथ. ४० ते ५९.५ च्या मध्ये असेल तर राज्याच्या मते अपेक्षेइतकी.

हा आकडा मला इतका महत्त्वाचा का वाटतो? समजा, एका शाळेत ८० टक्के मुलं पातळीला पोचतात आणि ग्रोथ ४२ आहे. दुसऱ्या शाळेत ६८ टक्के पोचतात आणि ग्रोथ ५८ आहे. पहिल्या शाळेत मुलं घरूनच तयार होऊन आलेली आहेत आणि शाळेने त्यांना साधारण तिथेच ठेवलं आहे. दुसरी शाळा मुलांना पुढे नेते आहे. ॲपवर पहिली वर दिसण्याची शक्यता जास्त. ग्रेटस्कूल्सही आता आपल्या आकड्यात ग्रोथ धरतं, नाही असं नाही. पण सगळं मिळून एकच आकडा केला की आत काय चाललंय ते दिसत नाही. आमच्या यादीतल्या शाळांचे दोन्ही कॉलम मी शेजारी शेजारी मांडले तेव्हा क्रम बराच बदलला. एका डिस्ट्रिक्टच्या सरासरीने दुसऱ्याला मागे टाकलं असं झालं नाही. एकाच डिस्ट्रिक्टच्या दोन प्राथमिक शाळांमध्ये जेवढा फरक दिसला, तेवढा दोन शेजारी डिस्ट्रिक्टांमध्येही नव्हता. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि इथे आपल्या लोकांशी एक मनापासून बोलायचं आहे. या भागातल्या शाळांच्या गुणांमध्ये शनिवारच्या कुमॉनचा, गणिताच्या क्लासचा आणि रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईबापांनी घेतलेल्या अभ्यासाचा वाटा किती, ते कुठलाच अहवाल वेगळं काढून दाखवत नाही. मोठीला तिसरीत गणितात चांगले गुण मिळाले तेव्हा त्यात शाळा किती आणि तिचा बाबा किती, मला आजही सांगता येणार नाही. तोच बाबा नव्या घरातही आहे. मग त्या गुणांसाठी लाखभर डॉलर जास्त मोजायचे का, हा प्रश्न आम्ही एकमेकांना गंभीरपणे विचारला.

एजंटकडून याचं उत्तर मिळत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. आमच्या एजंटला मी तीनदा विचारलं, "या दोन्हींत शाळा कुठली चांगली?" तिन्ही वेळा उत्तर आलं, "ते तुम्हीच तपासून ठरवा." मला राग आला. नंतर कळलं की १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वंश, धर्म, मूळ देश पाहून गिऱ्हाइकाला कुठल्या वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर आहे. "शाळा चांगली" या दोन शब्दांआड इथे पूर्वी बरंच काही लपवलेलं असायचं, म्हणून एजंट सावध राहतात. त्यांचं बरोबर आहे. फक्त मग गृहपाठ आपल्याच गळ्यात पडतो.

आता एकेक डिस्ट्रिक्ट. वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोबद्दल मी सहा वर्षांच्या अनुभवाने बोलते आहे, आणि चांगलंच बोलणार आहे. मोठीला तिथे मिळालेल्या शिक्षिका मी जन्मभर विसरणार नाही. दोन टाउनशिपांचा मिळून हा एक डिस्ट्रिक्ट. गंमत म्हणजे वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आणि प्लेन्सबोरो मिडलसेक्समध्ये. त्यामुळे शाळा एकच असली तरी दोन्हीकडचा कर वेगळा. शाळेचा खर्च दोन्ही गावांनी किती उचलायचा ते गावातल्या मालमत्तेच्या एकूण मूल्यावर ठरतं आणि दरवर्षी थोडं हलतं. हायस्कूल दोन, नॉर्थ आणि साउथ. आपल्यात यावर तावातावाने बोललं जातं. मी दोन्हींच्या कार्यक्रमांना जाऊन आले आणि मला त्यात घर ठरवण्याइतका फरक दिसला नाही.

या डिस्ट्रिक्टची एक गोष्ट मात्र प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथले तेव्हाचे सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचे प्रमुख, डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. मुलांवरचा ताण हाताबाहेर चालला आहे, असं त्यात होतं. हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा काढल्या, काही रात्री गृहपाठ बंद केला, चौथी-पाचवीच्या प्रगत गणिताच्या वर्गात बदल केले. पालकांमध्ये सरळ दोन तट पडले आणि एका तटात आशियाई कुटुंबं, म्हणजे आपणही, मोठ्या संख्येने होतो. "आम्ही इथे घर घेतलं ते कशासाठी?" असा तो प्रश्न होता. मी तेव्हा इथे नव्हते, पण जुन्या शेजारणी आजही तो वाद कालचा असल्यासारखा सांगतात. मला स्वतःला ते पत्र लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटतो. एवढ्या महागड्या घरांच्या गावात तसं बोलायला धाडस लागतं. पण तुमच्या घरात याबद्दल दोघांचं मत काय आहे ते घर घेण्याआधी बोलून घ्या. आम्ही बोललो, आणि आमचं एकमत व्हायला दोन रविवार लागले.

मॉन्टगोमेरीला आम्ही दोनदाच गेलो. सुंदर गाव, मोठाली अंगणं, नवऱ्याला ट्रेन फार लांब. पण शाळांची तिथली रचना सांगण्यासारखी आहे. गावातली एका इयत्तेची सगळी मुलं एकाच इमारतीत. दुसरीपर्यंत एक शाळा, तिसरी-चौथीला वेगळी, पाचवी-सहावीला वेगळी, सातवी-आठवीला आणखी वेगळी, मग हायस्कूल. "आपलं घर कुठल्या शाळेच्या वाट्याला?" हा प्रश्नच तिथे मिटतो. बदल्यात मुलाला दर दोन वर्षांनी नवी इमारत. क्रॅनबरी याच्या अगदी उलट. गावात बालवर्गापासून आठवीपर्यंत एकच शाळा आणि हायस्कूल नाहीच. तिथली मुलं करारानुसार प्रिन्स्टन हायस्कूलला जातात. हे ऐकून आम्ही आठवडाभर क्रॅनबरीच्याच मागे होतो. घरं मोजकी आणि आमच्या बजेटबाहेरची निघाली. खुद्द प्रिन्स्टनचं तर विचारूच नका.

साउथ ब्रन्सविक मी सुरुवातीला यादीत फक्त किमतीसाठी ठेवलं होतं. केंडल पार्क म्हणजे १९५० च्या दशकाच्या शेवटापासून बांधलेली एकमजली रँच घरं. छत ठेंगणं, स्वयंपाकघर लहान, पण समोर मोकळा फुटपाथ आणि सायकल चालवणारी पोरं. डिस्ट्रिक्ट मोठा आहे: सात-एक प्राथमिक शाळा, क्रॉसरोड्स नावाच्या दोन मिडल स्कूल आणि एकच हायस्कूल. प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत एकाच इमारतीत. हा शेवटचा मुद्दा मी डायरीत लाल पेनने लिहिला होता. आम्ही पाहत होतो तेव्हा वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरोत तिसरीपर्यंत एक शाळा आणि चौथी-पाचवीला वेगळी, मग सहावीला पुन्हा नवी. हा फरक कुठल्याही ॲपवर दिसत नाही. आमच्या धाकट्यासाठी तोच सगळ्यात मोठा ठरला.

धाकट्याबद्दल सांगते. तो बोलका आहे, पण त्याला 'क' आणि 'ग' येत नाही. 'काका'चं 'टाटा' होतं, 'केळं'चं 'टेळं', 'गाडी'ची 'दाडी'. घरात आम्हाला सगळं कळतं. शाळेत मुलं "व्हॉट?" म्हणतात आणि तो गप्प होतो. किंडरगार्टनमध्ये असताना शाळेला लेखी कळवलं. न्यू जर्सीत असं पत्र मिळाल्यापासून वीस दिवसांत डिस्ट्रिक्टला बैठक बोलवावी लागते, आणि पालकांनी संमती दिल्यापासून नव्वद दिवसांत तपासणी पुरी करून सेवा सुरू करायची असते. तसंच झालं. आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी, एक पैसा न देता. आयईपी म्हणजे त्या मुलाला काय सेवा मिळणार, किती वेळ, कोण देणार, याचा लेखी करार. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना मी हात जोडून सांगते, पत्र लेखी द्या, त्यावर तारीख घाला आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. लाजू नका. आमच्याकडे सुरुवातीला "मुलगे उशिराच बोलतात" म्हणण्यात वर्ष गेलं. ते गेलेलं वर्ष मला अजून बोचतं.

त्यामुळे प्रत्येक डिस्ट्रिक्टला माझा पहिला प्रश्न गुणांचा नव्हता. आमच्या मुलाचं काय होईल, हा होता. एका डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात फोन केला तर पलीकडून एकच वाक्य आलं: "आधी रजिस्टर करा, मग बोलू." रजिस्टर करायला तिथलं घर लागतं. मी घरच तर ठरवत होते. त्या डिस्ट्रिक्टचं नाव लिहीत नाही. एका दुपारच्या एका फोनवरून शेकडो शिक्षकांवर शिक्का मारणं मला पटत नाही. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी गाडीतच बसून राहिले होते.

मग एका ओळखीच्या ताईंनी वाट दाखवली. न्यू जर्सीत प्रत्येक डिस्ट्रिक्टला विशेष गरजांच्या मुलांच्या पालकांचा एक सल्लागार गट ठेवावा लागतो, त्याला सेपॅग म्हणतात. "तिथल्या आयांना विचार, ऑफिसला नको," त्या म्हणाल्या. मी तीन ठिकाणच्या पालकांशी बोलले. काहींशी फोनवर, काहींशी लायब्ररीत. प्रत्येकीला तेच चार प्रश्न: थेरपिस्ट शाळेतली कायम आहे की बाहेरून येते? ती सुटीवर गेली तर चुकलेले तास भरून मिळतात का? मीटिंगला तुमचं बोलणं कागदावर येतं का? आणि घरची भाषा वेगळी आहे म्हटल्यावर समोरचा काय म्हणतो? या चार प्रश्नांच्या उत्तरांनी मला जेवढं कळलं तेवढं आधीच्या सहा महिन्यांच्या एक्सेलने कळलं नव्हतं. एक आई बोलता बोलता रडली, दुसरीने मला स्वतःच्या फायलीतली अनुक्रमणिका काढून दाखवली. साउथ ब्रन्सविकच्या पालकांची उत्तरं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. वाईट अनुभवही त्यांनी लपवले नाहीत, पण तिथे कोणाकडे दाद मागायची हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

पैशाचं बोलायलाच हवं. न्यू जर्सीत २०२४ मध्ये सरासरी प्रॉपर्टी टॅक्स पहिल्यांदाच वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. त्यातला निम्म्याहून जास्त शाळांना जातो. दोन गावांचे कराचे दर सरळ शेजारी ठेवून तुलना करू नका, कारण प्रत्येक गावाने घरांचं मूल्यांकन वेगवेगळ्या वर्षी केलेलं असतं. राज्य 'इफेक्टिव्ह' दर, म्हणजे घराच्या बाजारभावावर काढलेला दर, वेगळा देतं, तो घ्या. किंवा त्याहून सोपं, त्याच घराचं गेल्या वर्षीचं प्रत्यक्ष बिल बघा. आमच्यापुरतं सांगायचं तर त्याच आकाराचं घर वेस्ट विंडसरला लाखभर डॉलरने महाग दिसत होतं आणि तेव्हाच्या व्याजदराने महिन्याला सहाशेहून जास्त डॉलरचा फरक पडत होता. ते सहाशे वाचवले तर मुलाला उन्हाळ्यात खासगी थेरपी देता येते, दोन वर्षांतून एकदा भारतवारी होते.

डिस्ट्रिक्टचं बजेट मार्च-एप्रिलमध्ये बघा. २०११ पासून इथे डिस्ट्रिक्टला करवसुली वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, काही अपवाद सोडून. पगार आणि आरोग्यविमा मात्र त्याहून जोरात वाढतात. त्यात २०१८ च्या कायद्याने राज्याच्या मदतीचं वाटप बदललं. काही डिस्ट्रिक्टांना वर्षागणिक कमी मिळू लागलं, काहींना जास्त. त्यामुळे वसंतात डिस्ट्रिक्टच्या शाळा-बोर्डाच्या बैठकांमध्ये कुठे शिक्षकांच्या जागा कमी करायच्या, कुठे बस, याच्या चर्चा चालतात. मी दोन डिस्ट्रिक्टांच्या बैठका बसून ऐकल्या. काय कापणार याहून, कापताना आधी कोणाकडे हात जातो, ते ऐकण्यासारखं असतं. घर वसंतात बघत असाल तर शनिवारच्या ओपन हाऊसइतकंच हेही करा.

बसचा नियम ऐकून अनेकांना धक्का बसतो, म्हणून सांगते. शाळा घरापासून दोन मैलांहून लांब असेल तरच आठवीपर्यंतच्या मुलाला बस मिळण्याचा कायदेशीर हक्क. हायस्कूलला अडीच मैल. त्याहून जवळच्यांना डिस्ट्रिक्टने बस दिली तर ती त्यांची मर्जी, किंवा पैसे भरून. आम्ही एक घर जवळजवळ पक्कं केलं होतं. शाळा पावणेदोन मैलांवर. नवरा म्हणाला, जवळच आहे, बरंच झालं. मी एका मंगळवारी सकाळी आठ वाजता तिथून शाळेपर्यंत चालत गेले. मध्ये सहाशे पावलं फुटपाथच नव्हता, आणि वळणावर ट्रक. आम्ही दोघं नोकरीवर असताना हिवाळ्यात सहा वर्षांचं मूल तिथून कसं जाणार? ते घर सोडलं. नकाशावर ते सगळ्यात सोयीचं होतं.

अखेर घेतलं ते केंडल पार्कचं. नवव्या ऑफरला मिळालं. उणिवा आहेत आणि त्या सांगते. प्रिन्स्टन जंक्शनला चालत जाण्याचं नवऱ्याचं स्वप्न गेलं, रोज गाडी काढावी लागते. हायस्कूल एकच असल्यामुळे मोठीला पुढे एखाद्या संघात किंवा ऑर्केस्ट्रात जागा मिळवायला खूप मुलांशी स्पर्धा करावी लागेल. ती व्हायोलिन वाजवते, त्यामुळे ही काळजी खरी आहे. तिच्या जिवलग मैत्रिणी मागे राहिल्या. पहिले दोन आठवडे ती जेवताना गप्प असायची. तिच्यासाठी मी आजही डब्ल्यूडब्ल्यूपीच निवडलं असतं, असं कधीकधी वाटतं. एकाच घरात दोन मुलांचं उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि घर मात्र एकच घ्यायचं असतं.

वर्षाच्या मध्यात बदललं म्हणून धाकट्याच्या आयईपीची धास्ती होती. न्यू जर्सीतल्या न्यू जर्सीत गाव बदललं तर नव्या डिस्ट्रिक्टला लगेच तशाच सेवा सुरू कराव्या लागतात आणि तीस दिवसांत जुना आयईपी स्वीकारायचा की नवा करायचा ते ठरवावं लागतं. मी मूळ आयईपी, तपासणीचे अहवाल आणि शेवटचं प्रगतिपत्रक यांच्या तीन-तीन प्रती घेऊन रजिस्ट्रेशनला गेले होते. वीजबिल आणि क्लोजिंगचे, म्हणजे घरखरेदीचे, कागद होतेच. थेरपी दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. बैठक बाविसाव्या दिवशी झाली.

त्या बैठकीत नव्या थेरपिस्टने विचारलं, हे 'क'चं 'ट' मराठीतही होतं का? मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, घरात रोज वापरता असे दहा मराठी शब्द मला लिहून द्या, इंग्रजी अक्षरांत. मी तिथेच कागद घेतला. काका, केळं, काकडी, कणीक, कढी, खिडकी, गाडी, गूळ, गाय, गोष्ट. तिने प्रत्येक शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, 'खिडकी'तला 'ख' कसा निघतो ते स्वतः म्हणून पाहिलं आणि कागद त्याच्या फायलीत पहिल्या पानावर लावला. दर सोमवारी आणि गुरुवारी तो त्या कागदावरून म्हणतो. 'गूळ' आता दहातून सहा वेळा बरोबर येतो. 'खिडकी' अजून यायची आहे.